१९५२चा टॉप्स संच: त्यातलं कोणतं कार्ड घ्यावं आणि कशावरून पारखावं

टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या, बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेल्या १९५२च्या संचात ४०७ कार्डं आहेत. त्यातलं ३११ क्रमांकाचं, मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. हे मँटलचं पहिलं कार्ड नाही. पहिलं बोमन कंपनीचं, १९५१चं, क्रमांक २५३. हे संचातलं सर्वांत कमी छापलेलं कार्डही नाही. उलट त्याच्या मालिकेतल्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट प्रतींनी ते छापलं गेलं. तरीही अमेरिकेत जुनी कार्डं जमवणारा प्रत्येक जण आधी त्याचंच नाव घेतो. कार्ड हवंहवंसं कशामुळे होतं, हे समजून घ्यायला म्हणूनच या संचाइतका चांगला नमुना नाही. सगळे घटक यात आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं काढून दाखवता येतं.

हे परीक्षण या संचातली कार्डं विकत घेऊ पाहणाऱ्यासाठी आहे. निकाल आधीच सांगतो: संच उत्तम आहे, पण पूर्ण संचाच्या मागे लागू नका, सुटी, निवडक, मधल्या दर्जाची कार्डं घ्या आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या प्लॅस्टिक डबीवरच्या आकड्यापेक्षा कार्डाकडे पाहून घ्या.

संच कसा आहे

१९५१च्या शरद ऋतूत साय बर्गर आणि वुडी गेलमन या टॉप्सच्या दोन माणसांनी ब्रुकलिनमध्ये हा संच आखला. त्याआधी टॉप्सने १९५१ साली पत्त्यांच्या खेळासारखी छोटी कार्डं काढली होती आणि बाजार फिलाडेल्फियाच्या बोमनच्या हातात होता. बोमनचं कार्ड जेमतेम २ १/१६ बाय ३ १/८ इंच. टॉप्सने थेट २ ५/८ बाय ३ ३/४ इंचाचं, म्हणजे साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटरचं कार्ड काढलं. दुकानात मुलाच्या हातात दोन्ही एकदम आली तर नजर कुठे जाणार, हे उघड होतं. चार वर्षांनी, १९५६मध्ये, टॉप्सने बोमन विकतच घेतली.

समोरच्या बाजूला कृष्णधवल छायाचित्रावर रंग चढवून केलेलं चित्र आहे, खाली चौकटीत खेळाडूचं नाव, त्याच्या सहीची छापील प्रतिकृती आणि संघाचं बोधचिन्ह. पाठीवर चेंडूच्या आकारात कार्डाचा क्रमांक, उंची, वजन, चरित्राच्या चार ओळी, आणि मागल्या हंगामाची व एकूण कारकिर्दीची आकडेवारी. हा आराखडा पुढे अनेक दशकं सगळ्यांनी उचलला. रंग आजही डोळ्यांत भरतात: मँटलच्या मागचं निळं आकाश आणि खांद्यावरची पिवळी बॅट खोलीच्या पलीकडूनही ओळखू येते. कार्ड हवंसं वाटण्यात या दिसण्याचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षीची बोमनची कार्डं चित्रकलेच्या दृष्टीने अधिक नाजूक आहेत असं म्हणता येईल, पण आकाराने ती दबून जातात.

संचात काही मोठ्या उणिवा आहेत. टेड विल्यम्स नाही, स्टॅन म्युझियल नाही. जो डिमॅजिओ १९५१च्या अखेरीस निवृत्त झाला होता, म्हणून तोही नाही. विल्यम्सचा चाहता असाल तर या संचात तुमच्यासाठी मुख्य कार्डच नाही, आणि ही तक्रार अगदी रास्त आहे.

किती छापली, त्यापेक्षा किती उरली

संच एकदम बाजारात आला नाही. हंगाम पुढे सरकत गेला तशा सहा मालिका आल्या: १ ते ८०, ८१ ते १३०, १३१ ते १९०, १९१ ते २५०, २५१ ते ३१० आणि शेवटची ३११ ते ४०७. पहिल्या पाच मालिका मुबलक मिळतात. २५१ ते ३१० त्यातल्या त्यात कमी. खरा कडा आहे तो ३१०च्या पुढे.

शेवटची मालिका हंगाम संपत आला तेव्हा आली. मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं, दुकानदारांकडे आधीचाच माल पडलेला. त्यामुळे बहुतेकांनी नवी खोकी मागवलीच नाहीत. उरलेला माल टॉप्सच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिला आणि अखेरीस १९६०च्या सुमारास तो बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवला, असं बर्गर स्वतः सांगत असे. परिणाम इतकाच की ३११ ते ४०७मधल्या एखाद्या अगदी सामान्य, कुणाला नावही आठवत नसलेल्या खेळाडूच्या कार्डालाही पहिल्या मालिकांतल्या तशाच कार्डाच्या कितीतरी पट किंमत पडते.

आता मोजणी पाहा. ३११ ते ४०७ म्हणजे ९७ कार्डं. छपाईचा ताव १०० कार्डांचा. तीन जागा उरल्या, त्या भरायला तीन कार्डं दोनदा घेतली: ३११ मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन, ३१३ बॉबी थॉमसन. म्हणजे या मालिकेतल्या बाकीच्या ९४ कार्डांपेक्षा मँटल दुप्पट छापला गेला. तावावर दोन वेगळ्या जागा असल्यामुळे मँटलच्या कार्डाचे दोन सूक्ष्म प्रकारही आहेत. अभ्यासू संग्राहक दोन्ही शोधतात, पण किमतीत त्याने फार फरक पडत नाही.

तर मग मँटल महाग का? कारण मागणी. तो १९५१ ते १९६८ न्यू यॉर्क यांकीजकडून खेळला, ५३६ होम रन मारले, सात वर्ल्ड सिरीज जिंकल्या, १९५६मध्ये ट्रिपल क्राउन (फलंदाजीची सरासरी, होम रन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक) मिळवला. लहानपणी त्याला खेळताना पाहिलेली पिढी १९८०च्या दशकात चाळिशीला आली, हातात पैसा आला, आणि तिने आपलं हरवलेलं कार्ड शोधायला सुरुवात केली. त्याच काळात, १९८६मध्ये, ॲलन रोझन या व्यापाऱ्याला मॅसॅच्युसेट्समध्ये या संचाची न हाताळलेली पाच हजारांहून अधिक कार्डं मिळाली. त्यांत शेवटच्या मालिकेची कार्डं आणि बरेच मँटल होते. कोरी करकरीत मँटल आज जी दिसतात त्यातली बरीचशी तिथून आली. १ कोटी २६ लाखांचं कार्डही त्यातलंच. १९९१मध्ये ते ५० हजार डॉलरला विकलं गेलं होतं. इतका माल एकदम बाहेर आल्यावर भाव पडायला हवा होता. झालं उलटं: चांगली कार्डं लोकांच्या नजरेस पडली, चर्चेत आली, आणि मागणी वाढली. अजिबात दिसतच नसलेल्या कार्डासाठी कुणी झुरत नाही. बाजारात अधूनमधून दिसतं, पण हाताशी येत नाही, अशा कार्डाचीच ओढ लागते.

याउलट उदाहरण त्याच संचात आहे. ३०७ क्रमांकाच्या फ्रँक कॅम्पोसच्या कार्डाच्या एका प्रकारात पाठीवरच्या दोन ताऱ्यांपैकी एक लालऐवजी काळा छापला गेला. तो प्रकार अतिशय दुर्मीळ आहे. पण तो मागणारे मूठभर: सर्व प्रकारांसह संच पुरा करणारे. पहिल्या ८० कार्डांच्या पाठी लाल आणि काळ्या अशा दोन शाईंत आहेत, आणि काळ्या पाठीच्या ४८ जो पेज व ४९ जॉनी सेन या कार्डांवर एकाचं चरित्र दुसऱ्याच्या पाठीवर छापलं गेलं आहे. ही चूक सुधारली गेल्यामुळे चुकीची कार्डं जास्त मोलाची ठरली. चूक असणं पुरेसं नसतं. ती डोळ्यांना चटकन दिसायला हवी, आणि कंपनीने ती मध्येच सुधारलेली असायला हवी. शेवटपर्यंत तशीच राहिलेल्या चुकीला कुणी जास्त पैसे देत नाही.

दर्जा: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि समास

खेळाडू आणि क्रमांक ठरला की उरलेली सगळी किंमत दर्जावर, म्हणजे १ ते १०च्या मोजपट्टीवर कार्डाला मिळणाऱ्या आकड्यावर. इथे घाई करू नका.

कोपऱ्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे झीज आधी दिसते. दहापट भिंगाखाली कोपऱ्याचे थर सुटलेले दिसतात का, तंतू पांढरे झालेत का, टोक गोल झालंय का, ते पाहा. चारही कोपऱ्यांची झीज साधारण सारखी असावी. तीन कोपरे गोल आणि चौथा टोकदार असेल तर शंका घ्या.

पृष्ठभाग तपासताना कार्ड सरळ समोर धरून उपयोग नाही. एका बाजूने दिवा लावून कार्ड तिरकं करत न्या. घडी सरळ पाहतानाही दिसते, पण कागद न फाटलेली बारीक सुरकुती फक्त तिरक्या उजेडातच उठते. अशी एक सुरकुती कोऱ्या दिसणाऱ्या कार्डाला आठवरून थेट चार-पाचवर आणते, आणि विक्रेत्याच्या छायाचित्रात ती कधीच दिसत नाही. पाठीवर मेणाचे डाग पाहा: ही कार्डं बबलगमबरोबर मेणकागदाच्या पाकिटात येत, त्यामुळे पाकिटाच्या टोकाचं कार्ड मेणाने डागाळे. आल्बममधून उपटल्यामुळे पाठीचा कागद गेलाय का, सेलोटेपचा पिवळा पट्टा आहे का, पेन्सिलची खूण आहे का, तेही बघा. पाठीचा मजकूर खरवडला गेला असेल तर समोरून कार्ड कितीही देखणं असलं तरी ते खालच्या दर्जातच जातं.

छपाईचे दोष वेगळे. चित्रावर पांढरे ठिपके पडलेले, रंगांचे थर एकमेकांवर नीट न बसल्यामुळे चेहरा धूसर झालेला, असं या संचात बरंच आढळतं. रंग सरकलेलं कार्ड कोऱ्या कोपऱ्यांचं असलं तरी मन लागत नाही. आमच्या मते धारदार छपाईचं पाचचं कार्ड धूसर छपाईच्या सातपेक्षा केव्हाही सरस, आणि पुन्हा विकायला गेलात तरी गिऱ्हाईक पाचलाच आधी मिळतं.

मग समास. पोस्टाची जुनी तिकिटं जमवणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही: चित्र चौकटीच्या मधोमध आहे की एका बाजूला सरकलंय, यावर तिकिटाचं मोल ठरतं, तसंच कार्डाचं. मोजायची रीत सोपी आहे. मिलिमीटरची पारदर्शक पट्टी घ्या. डावा पांढरा समास आणि उजवा पांढरा समास मोजा, दोन्हींची बेरीज करा, प्रत्येकाचं शेकडा प्रमाण काढा. डावीकडे ३ मिलिमीटर, उजवीकडे २, तर बेरीज ५ आणि प्रमाण ६०/४०. तसंच वर-खाली. दोन्हींत जे वाईट तेच धरायचं. पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या मापांत नऊसाठी समोरून ६०/४०, आठसाठी ६५/३५, सातसाठी ७०/३० पर्यंत चालतं. त्यापुढे गेलं तर एकतर दर्जा उतरतो किंवा आकड्यापुढे ‘ओसी’ (ऑफ सेंटर, म्हणजे चित्र मधोमध नाही) ही अक्षरं लागतात. ‘आठ ओसी’ असं कार्ड बाजारात साधारण दोन दर्जे खालच्या भावाने जातं. चित्र मधोमध असण्याला इतकं महत्त्व का, तर नव्या कार्डालाही ते मिळालंच असेल असं नाही. कोपरे जपता येतात. कापण्याच्या यंत्रावर ताव सरकला असेल तर तो दोष जन्मापासूनचा. शेवटच्या मालिकेत समास चांगले असलेली कार्डं फारच थोडी आहेत, म्हणून तिथे त्यांना भाव जास्त.

या सगळ्याचं उत्तम उदाहरण म्हणजे क्रमांक १, अँडी पाफ्को. खेळाडू बरा, पण अमर वगैरे नाही. मुलं कार्डं क्रमाने लावून रबर बँडने बांधत, त्यामुळे सगळ्यांत वरच्या पाफ्कोच्या कडांना खाचा पडल्या, धूळ आणि ऊन त्यालाच लागलं. परिणामी कोरा पाफ्को दुर्मीळ झाला, आणि पहिल्या मालिकेतल्या इतर सामान्य कार्डांशी त्याच्या किमतीचा काही संबंध उरला नाही. गठ्ठ्याच्या दुसऱ्या टोकाला ४०७, एडी मॅथ्यूज. तिथे सगळं एकत्र जुळलंय: शेवटची कमी छापलेली मालिका, गठ्ठ्यात सर्वांत खाली राहिल्यामुळे झीज, आणि ५१२ होम रन मारणाऱ्या खेळाडूचं रूकी कार्ड, म्हणजे पदार्पणाच्या काळातलं पहिलं कार्ड. बोस्टन, मिलवॉकी आणि अटलांटा अशा तीनही शहरांत ब्रेव्हजकडून खेळलेला तो एकमेव खेळाडू, आणि १९५२ हा त्याचा पदार्पणाचा हंगाम. चांगल्या दर्जाचा मॅथ्यूज मिळवणं मँटलपेक्षा अवघड आहे, आणि जाणकार संग्राहक तो त्या नजरेने पाहतात.

खोटी आणि छाटलेली कार्डं

या संचाच्या बाबतीत फसवणूक नेहमीची आहे, आणि मँटलबाबत तर सर्वाधिक. पहिली चाळणी मापाची. १९८३मध्ये टॉप्सनेच या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली. त्यात ४०२ कार्डं आहेत, कारण पाच खेळाडूंशी करार झाला नाही, आणि कार्डाचं माप आजचं प्रचलित २ १/२ बाय ३ १/२ इंच आहे. म्हणजे पट्टी हातात असेल तर ही आवृत्ती दहा सेकंदांत ओळखता येते. अडचण येते ती मूळ मापात छापलेल्या नकलांची.

तिथे भिंग लागतं. मूळ कार्डावर चित्राचा भाग बारीक ठिपक्यांचा असतो, पण नावाची काळी अक्षरं, चौकटीच्या रेघा आणि सही ही एकसंध शाईची असतात. नक्कल छायाचित्र किंवा स्कॅन घेऊन केलेली असते, त्यामुळे अक्षरंही ठिपक्यांत फुटलेली दिसतात, कडा दातेरी होतात. मग ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी अंधाऱ्या खोलीत कार्डावर टाका. हल्लीच्या कागदातली चमक आणणारी रसायनं निळसर पांढरी उजळतात. मूळ कार्डाचा पुठ्ठा मंद राहतो. पुठ्ठ्याची तुलना त्याच मालिकेतल्या एखाद्या स्वस्त, निर्विवाद खऱ्या कार्डाशी करा. म्हणून आमचा सल्ला: काहीही मोठं घेण्याआधी पहिल्या मालिकेतली दोन-तीन झिजलेली स्वस्त कार्डं घेऊन ठेवा. बोटांना आणि डोळ्यांना खऱ्याची सवय होणं, ही सगळ्यांत स्वस्त विमा पॉलिसी आहे.

छाटणी ओळखणं जास्त कठीण, कारण कार्ड खरंच असतं. झिजलेल्या कडा एक मिलिमीटरभर कापून कोपरे टोकदार केले जातात. कॅलिपरने तीन ठिकाणी रुंदी आणि तीन ठिकाणी उंची मोजा. आकडे जुळले नाहीत तर कार्ड कापलेलं असण्याची शक्यता आहे. मूळ कड यंत्राने कापलेली, थोडी तंतुमय, काळानुसार मळकट असते. ताजी कापलेली कड पांढरी आणि घासून काढल्यासारखी गुळगुळीत दिसते, किंवा भिंगाखाली हलकेच लाटांसारखी वर-खाली जाते. माप पूर्ण आहे म्हणून निर्धास्त राहू नका: मुळात मोठं कापलं गेलेलं कार्ड छाटूनही मापात बसू शकतं. आणखी तीन युक्त्या आहेत. काळ्या किंवा रंगीत कडांना मार्करने रंग देणं, जो अतिनील उजेडात वेगळा उठतो. घडी ओलसर करून दाबून सपाट करणं, जिच्यामुळे तिथली चमक बदलते आणि काही महिन्यांनी घडी परत वर येते. आणि ब्लीचने डाग काढणं, ज्याचा अतिनील उजेडात ठिपका दिसतो आणि नाकाला वासही येतो.

छाटणीने केवढा गोंधळ होऊ शकतो, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण या संचातलं नाही. १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅकोच्या सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी-२०६ संचातलं होनस वॅगनरचं कार्ड १९९१मध्ये पीएसएने दर्जा दिलेलं पहिलंच कार्ड होतं, आणि त्याला आठ दिला गेला. २००७मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. २०१३मध्ये एका लिलावदाराने फेडरल कोर्टात कबुली दिली की ते त्याने छाटलं होतं. डबीवरचा आकडा हे एका माणसाचं काही क्षणांतलं मत असतं, हे यावरून पटावं.

दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या

पीएसए, एसजीसी आणि बेकेट या तीन नावांचं बाजारात चालतं. तिन्हींची मोजपट्टी १ ते १०. पीएसएच्या डबीतलं कार्ड सहसा जास्त भावाने जातं. एसजीसीची काळी चौकट जुन्या कार्डावर फार शोभते, आणि १ कोटी २६ लाखांचं मँटल एसजीसीच्याच साडेनऊच्या डबीत होतं. एसजीसी २०२४पासून पीएसएच्याच मालक कंपनीकडे आहे. छाटलेल्या किंवा रंगवलेल्या कार्डाला या कंपन्या आकडा देत नाहीत. फक्त ‘ऑथेंटिक’ (खरं) किंवा ‘आल्टर्ड’ (फेरफार केलेलं) असं लिहितात.

डबीसुद्धा खोटी असू शकते. पाठीवरच्या प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. तिथे छायाचित्र असेल तर कार्डावरचा एखादा छपाईचा ठिपका किंवा समासाची खूण जुळवून पाहा. क्रमांक खरा आणि कार्ड दुसरंच, असं होतं. डबीच्या जोडावर ओरखडे, धुकट पट्टे, गोंदाचे थेंब दिसले तर व्यवहार सोडून द्या.

या संचात मँटल पीएसए दहामध्ये फक्त तीन आहेत आणि नऊमध्ये सहा. या आकड्यांना भुलू नका. कंपनीची जाहीर संख्या म्हणजे दर्जा देण्यासाठी पाठवलेल्या कार्डांची संख्या. जास्त आकडा मिळेल या आशेने लोक डबी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात, मग एकच कार्ड दोनदा मोजलं जातं. सामान्य खेळाडूंची कार्डं तर दर्जाच्या शुल्काइतकीही किमतीची नसतात, म्हणून पाठवलीच जात नाहीत, आणि आकड्यांत ती उगाच दुर्मीळ दिसतात.

साठवण

१९५२ ते १९५६ची टॉप्स कार्डं आजच्या कार्डांपेक्षा मोठी असल्यामुळे नेहमीच्या प्लॅस्टिक पिशव्यांत बसत नाहीत. जबरदस्तीने घातलीत तर कोपरे जातात. ‘व्हिंटेज’ मापाच्या पिशव्या आणि कडक पाकिटं वेगळी मागवा. आल्बमची पानं पॉलिप्रॉपिलीनची, आठ खणांची. मऊ पीव्हीसीची पानं टाळा, ती चिकटतात आणि शाई ओढतात. मुंबईत किंवा कोकणात ठेवणार असाल तर पावसाळा हा खरा शत्रू आहे. पुठ्ठा ओल धरतो, कमान घेतो, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात, आणि कसर पाठीचा कागद खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि स्वस्त आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा, आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून कोरडं करा. भिंतीवर लावायचं असेल तर अतिनील रोखणाऱ्या ॲक्रिलिकमागे, तेही थेट उजेडापासून दूर. डबीतल्या कार्डाचा रंगही उन्हात उडतो; डबी ऊन थांबवत नाही.

काय घ्यावं

अमेरिकेतल्या कार्ड मेळ्यांत, शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये बऱ्याचदा भरणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनात किंवा न्यू जर्सीतल्या छोट्या मेळ्यांत, कार्ड हातात घेऊन बघता येतं; पहिली खरेदी शक्यतो तिथे करा. भारतातून मागवत असाल तर फक्त डबीबंद कार्ड, विमा उतरवलेल्या पार्सलने, आणि सीमाशुल्क आधीच हिशेबात धरून.

सुरुवातीला पहिल्या पाच मालिकांतली चार-पाच कार्डं, तीन ते पाच दर्जाची, समास चांगले असलेली. १७५ बिली मार्टिन घेण्यासारखं आहे. २६१ विली मेझ तर या संचातलं आमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं मोल देणारं कार्ड: ६६० होम रन मारणारा खेळाडू, देखणं चित्र, आणि तो शेवटच्या मालिकेत नसल्यामुळे मँटलच्या तुलनेत आवाक्यातला. मेझ घेताना चेहऱ्यावरून घडी जात असलेलं कार्ड नको. घडी समासात असेल तर चालेल, त्यात बरेच पैसे वाचतात आणि डोळ्यांना ती जवळपास खटकत नाही.

शेवटच्या मालिकेत शिरायचं असेल तर ३१३ बॉबी थॉमसनपासून. दुप्पट छपाईमुळे तो त्या मालिकेत त्यातल्या त्यात सोपा आहे, आणि ३ ऑक्टोबर १९५१च्या त्याच्या होम रनने जायंट्सना लीगचं विजेतेपद मिळालं तेव्हा डॉजर्सकडून डाव्या मैदानात, डोक्यावरून जाणारा चेंडू बघत, पाफ्को उभा होता. थॉमसन आणि पाफ्को शेजारी ठेवण्यासारखी जोडी आहे. त्यानंतर ३१२ जॅकी रॉबिन्सन. त्यालाही दुप्पट छपाईचा फायदा आहे, आणि १९४७मध्ये मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या माणसाच्या कार्डाला मागणी कमी होण्याचं कारण दिसत नाही. ३१४ रॉय कॅम्पानेला आणि ३३३ पी वी रीस ही डॉजर्सची जोडी त्याच्यापुढची पायरी. ती एकेकदाच छापली गेली आहेत, तेव्हा तीनचा दर्जा मिळाला तरी मागे फिरू नका.

मँटल घ्यायचाच असेल तर डबीशिवाय कधीही नको, सुटा तर मुळीच नको, विकणारा कितीही ओळखीचा असो. अगदी एकच्या दर्जाच्या कार्डालाही हजारो डॉलर मोजावे लागतात. त्या पैशात समासात मधोमध असलेलं आणि चेहरा स्वच्छ असलेलं एकच्या दर्जाचं कार्ड घ्या. समास घसरलेलं दोनचं नको. दोन लिलावदारांच्या मागच्या सहा महिन्यांतल्या विक्रीच्या नोंदी काढा, मागितलेल्या किमती बाजूला ठेवून प्रत्यक्ष दिलेल्या किमती पाहा, आणि गिऱ्हाइकाकडून लिलावदार घेतो ते अधिमूल्य त्यात धरलंय का, ते तपासा. ते बहुधा हातोडा पडलेल्या किमतीच्या २० टक्के किंवा त्याहून जास्त असतं, आणि ते न धरता बोली लावणारा कायम अंदाजापेक्षा महाग घेतो.